ताईंची सर्दी कुणाच्या खात्यात?

प्रति,
बालवाड्या, नर्सरी आणि केजीचे वर्ग चालवणारे सर्व संस्थाचालक यांस,



पत्रास कारण की, तुमच्या शाळेतल्या कुठल्या ना कुठल्या ताईंचा घसा आज पुन्हा बसलेला असणार. तुमची शाळा न पाहताही मी हे सांगू शकते. जून ते मार्च या काळात कुठल्याही बालवाडीत डोकावलं तर एक ताई नाकात बोलत असतात, दुसऱ्या कोपरात तोंड खुपसून शिंकत असतात आणि मावशी पदराला नाक पुसत मुलांच्या डब्यांची झाकणं उघडून देत असतात. ऑफिसात या सगळ्याची नोंद एका वाक्यात होते: "ताईंची तब्येत जरा नाजूकच आहे, नाही?" तीन ते सहा वयाच्या मुलांमध्ये मी बरीच वर्षं काम करते आहे आणि माझी हरकत आहे ती याच वाक्याला. एखाद-दुसरी ताई आजारी पडली तर तब्येतीचं कारण पटेल. दरवर्षी, प्रत्येक शाळेत, सगळ्याच ताई आळीपाळीने आजारी पडत असतील तर कारण कामात शोधायला हवं. गिरणीत काम करणाऱ्याच्या फुप्फुसात कापसाचे तंतू जातात तेव्हा त्याला नाजूक म्हणून कुणी हिणवत नाही.

आधी साधा हिशेब मांडते. लहान मुलाला वर्षाकाठी सहा ते आठ वेळा सर्दी होणं डॉक्टर सामान्य मानतात. मोठ्या माणसाला दोन-तीनदा होते. वर्गात २५ मुलं धरली तर वर्षाला दीडशे ते दोनशे सर्द्या झाल्या. एक सर्दी आठवडाभर टिकते असं मानलं, तर कुठल्याही दिवशी वर्गात तीन-चार नाकं वाहत असणारच. ही झाली वर्षाची सरासरी. पावसाळ्यात आणि दिवाळीनंतरच्या गारठ्यात निम्मा वर्ग शेंबडा असतो, हे तुम्हीही पाहिलंच असेल.

या सर्द्यांचा मुख्य सूत्रधार म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. त्याचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत. एकाशी शरीराची ओळख झाली म्हणून दुसरा काही सोडत नाही, आणि म्हणूनच सर्दीवर अजून लस निघालेली नाही. नवीन ताई रुजू होतात तेव्हा पहिलं वर्ष त्यांचं या मंडळींशी ओळखी करून घेण्यातच जातं. एक सर्दी उतरते न उतरते तोच दुसरी दाराशी उभी. पुढे पुढे हे प्रमाण कमी होतं, पण थांबत नाही, कारण दर जूनला मुलं नवी आणि त्यांची घरंही नवी.

आता ही सर्दी मुलाकडून ताईंकडे कशी येते ते जवळून पाहा. मुलाच्या बुटाचा पट्टा लावायला ताई उकिडव्या बसतात आणि शिंक थेट त्यांच्या कपाळावर येते. रडणाऱ्या मुलाला कडेवर घेतलं की त्याचं नाक त्यांच्या खांद्याला पुसलं जातं. चिकणमातीचा गोळा, मणी, लाकडी ठोकळे एका तोंडातून दुसऱ्या हातात आणि तिथून ताईंच्या हातात फिरत असतात. मोठ्या माणसाला "जरा लांब राहा" म्हणता येतं. तीन वर्षांच्या मुलाला लांब ठेवणं म्हणजे त्याला शाळेत न घेणंच. जवळ घेणं हेच आमचं काम आहे आणि त्याचाच हा प्रसाद आहे.

आणि मुलाच्या छातीवर सेफ्टीपिनेने टाचलेला तो रुमाल! प्रवेशाच्या वेळच्या यादीत आपण तो अजून लिहून देतो. सकाळी घरून तो इस्त्री करून येतो आणि अकरा वाजेपर्यंत त्याचं एक टोक कडक झालेलं असतं. मूल त्याच टोकाने नाक पुसतं, त्याच हाताने ठोकळा उचलतं आणि मधल्या सुट्टीत त्याच रुमालाने पोळीचे हात पुसतं. दिवसभर छातीवर बाळगायची ही वस्तू स्वच्छतेसाठी आली आणि सर्दीचा साठा होऊन बसली. त्याऐवजी घरोघरच्या जुन्या सुती साड्यांचे तळहाताएवढे चौकोन कापून एका डब्यात ठेवा. एक चौकोन एकदाच वापरायचा आणि झाकणाच्या बादलीत टाकायचा. शाळा सुटली की गरम पाण्यात साबण घालून धुवायचे. कागदी टिश्यू परवडत असतील तर उत्तमच, पण त्यांच्यावाचून अडत नाही.

नाक शिंकरणं हीसुद्धा शिकवायचीच गोष्ट आहे. "शिंकर" म्हटलं की तीन वर्षांचं मूल नेमका उलटा श्वास ओढतं आणि शेंबूड आत घेतं. आम्ही टेबलावर कापसाचा छोटा बोळा ठेवतो आणि सांगतो, तोंड मिटायचं आणि नाकाने फुंकर मारून हा पलीकडे पाठवायचा. आधी मुलं फसतात, तोंडाने फुंकतात, हसतात. मग एखाद्याला जमतं आणि पाहता पाहता सगळ्यांची शर्यत लागते. हा खेळ नाक कोरडं असलेल्या दिवशी घ्यायचा, म्हणजे सर्दीच्या दिवशी कामाला येतो. तुमच्या अभ्यासक्रमाच्या तक्त्यात रंग, आकार आणि अंक असतात. त्यात ही एक ओळ घालायला काहीच हरकत नाही.

ताईंना मात्र सल्ला मिळतो तो वेगळाच. आलं-सुंठीचा काढा घ्या, हळदीचं दूध घ्या, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घ्या, प्रतिकारशक्ती वाढवा. काढ्याने घशाला बरं वाटतं आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या मीही करते. पण रोज व्हिटॅमिन सी घेतल्याने तुमच्या-आमच्यासारख्यांच्या सर्द्या कमी होत नाहीत, हे अनेक चाचण्यांतून दिसून आलेलं आहे. पिवळा-हिरवा शेंबूड दिसला की अँटिबायोटिक मागायला धावणंही व्यर्थ. विषाणूवर ते चालत नाही आणि नुसत्या रंगावरून जिवाणूंचा संसर्ग ठरत नाही. ज्याचा खरंच उपयोग होतो ते अगदी नीरस आहे. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद. चेहऱ्याला हात न लावणं. पुरेशी झोप. आणि घसा बसला असेल तर आवाजाला विश्रांती. कुजबुजून बोलणं ही विश्रांती नव्हे, त्यानेही घशावर ताण येतो. अशा दिवशी मुलांना गोळा करायला टाळी, डफली किंवा घंटा वापरावी. खोकला दोन आठवड्यांपलीकडे गेला तर मात्र "आमच्या धंद्यात चालायचंच" म्हणून सोडू नये, तपासून घ्यावं.

पण या नीरस यादीतलं किती ताईंच्या हातात आहे आणि किती तुमच्या, हे पाहा. बऱ्याच शाळांत बेसिन मोठ्या माणसाच्या उंचीचं असतं. मग मावशी एकेका मुलाला काखेत धरून उचलतात आणि हात नळाखाली नेतात. २५ मुलांना वीस-वीस सेकंद उचलून धरणं कुठल्या मावशींना जमेल? म्हणून हात नुसते ओले होतात आणि खिळ्याला टांगलेल्या एकाच ओल्या पंचाला पुसले जातात. गेटवर सॅनिटायझरची बाटली ठेवली की काम झालं असं आपल्याला वाटतं, पण तेवढ्याने हात धुण्याची सोय होत नाही. मुलांच्या कमरेच्या उंचीला दोन नळ, वड्यांचे साबण आणि प्रत्येक मुलाचा नाव घातलेला नॅपकिन, इतकाच हा खर्च. प्रवेशद्वारावरच्या कार्टूनच्या रंगकामापेक्षा तो कमी येईल.

हवेचंही तेच. आपल्या बहुतेक शाळा सोसायटीच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये किंवा जुन्या बंगल्यात भरतात. माहितीपत्रकावर "वातानुकूलित वर्ग" असं ठळक छापलेलं असतं. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून पुन्हा सोडतो. खिडक्या बंद, वर पडदे, आत २५ मुलं आणि दोन मोठी माणसं. एकाने शिंकलेलं सगळ्यांच्या वाट्याला येतं.

ज्या महाराष्ट्रात बालशिक्षण उघड्यावर वाढलं तिथे हे घडावं याचं वाईट वाटतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. गरीब वस्त्यांतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे पाहून त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बालवाडीच त्या मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम आदिवासी पाड्यांपर्यंत गेलं आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातही शाळा भरली. तिथे साधनं पानं, बिया आणि शंख-शिंपल्यांची होती, आणि वर आभाळ होतं. तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न गरिबीचा होता, विषाणूंचा नव्हे. पण झाडाखाली भरलेल्या वर्गात एका मुलाची शिंक वाऱ्याबरोबर निघून जाते, हा त्या पद्धतीचा फायदा आज आपण पैसे मोजून घालवला आहे. तुमच्याकडे अंगण नसेल, तर गच्ची असेल, पार्किंगचा कोपरा असेल, पलीकडे महापालिकेची बाग असेल. गाणी, गोष्टी आणि खाऊ एवढं तरी बाहेर होऊ द्या. आत असताना समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि पंखा लावा. डास येतात ही तक्रार रास्त आहे. त्यावर जाळी हा उपाय आहे, बंद खिडकी नव्हे.

आता जरा अवघड विषयाकडे येते. वार्षिक स्नेहसंमेलनात आपण शंभर टक्के हजेरीचं बक्षीस देतो. चार वर्षांच्या मुलाची शंभर टक्के हजेरी ही त्या मुलाची कर्तबगारी नसते. त्याला वर्षात सहा सर्द्या झाल्या असतील तर त्या सहाही त्याने वर्गात आणल्या, एवढाच त्याचा अर्थ. या बक्षिसापायी काय होतं ते सांगते. सकाळी आठला मुलाला ताप असतो. घरात पॅरासिटामॉलचं सिरप पाजलं जातं आणि मूल नऊला हसत वर्गात येतं. औषधाचा अंमल चार ते सहा तासांचा. बाराच्या सुमारास ते मूल कोपऱ्यात मलूल होऊन बसतं, कपाळावर हात ठेवला तर चटका बसतो आणि आई-बाबांचे फोन मीटिंगमुळे बंद असतात. तोवर त्याने तीन तास सगळ्यांबरोबर घालवलेले असतात. मी पालकांना दोष देत नाही. दोघं नोकरीला, आजी-आजोबा गावी, पाळणाघरात आजारी मूल घेत नाहीत. मग त्यांनी करायचं काय? पण निदान आपल्या बक्षिसाने तरी त्यांना त्या दिशेला ढकलू नये.

म्हणून "सर्दी असेल तर पाठवू नका" हा सरसकट नियमही मी मागत नाही. वर्षाला सहा-आठ सर्द्या आणि प्रत्येकीचे सात ते दहा दिवस धरले, तर मूल दोन महिने घरीच राहील. शिवाय सर्दी पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त पसरते आणि अनेकदा लक्षणं दिसायच्या आधीच तिची सुरुवात झालेली असते. नियम साधा असावा आणि तो सगळ्यांना एकच असावा. नाक वाहतंय पण मूल खेळतंय, खातंय, तर येऊ द्या. ताप, उलटी-जुलाब, धाप, न थांबणारा खोकला किंवा नेहमीसारखं न वागणारं मूल असेल, तर घरी. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल, तेव्हाच परत. हा नियम गेटवर उभ्या असलेल्या ताईंच्या हिमतीवर सोडू नका. फी भरलेल्या पालकासमोर "आज नका ठेवू याला" म्हणायला मागे संस्थेचा छापील कागद लागतो.

त्याच कागदावर आणखी एक ओळ हवी: शाळेत खोकल्याचं औषध दिलं जाणार नाही. "अकरा वाजता एक झाकण पाजा" म्हणून दप्तरात बाटली येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची मुलं खोकल्याच्या विषारी औषधाने दगावली. त्यांतल्या कितीतरी मुलांना उपचारांसाठी आपल्या नागपुरात आणलं होतं. त्या ऑक्टोबरातच केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने सूचना काढली की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा देऊ नयेत. आपल्या वर्गातली बहुतेक मुलं याच वयाची आहेत. भरपूर पाणी, विश्रांती आणि एक वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध, यावर बहुतेक सर्द्या निघून जातात.

आता रजेबद्दल, कारण या पत्राचा खरा मुद्दा तोच आहे. मुलासाठी आपण नियम करू, पण तापाने फणफणलेल्या ताईंसाठी नियम कुठे आहे? पुष्कळ शाळांत ताईंना मोजक्या किरकोळ रजा मिळतात. त्या गणपती, दिवाळी आणि घरच्या कार्यात संपतात. पुढची प्रत्येक सर्दी बिनपगारी. मावशींना तर रजा हा शब्दच लागू नसतो. दिवस भरला तर पैसे. परिणाम असा की वर्गातली सर्वांत आजारी व्यक्ती पुष्कळदा ताई किंवा मावशीच असतात. मास्क लावून, गोळी घेऊन, नाकातलं पाणी आवरत त्या मुलांचे डबे उघडत असतात. मुलाने आणलेली सर्दी त्या उरलेल्या २४ मुलांना परत वाटतात. एका दिवसाचा पगार वाचवण्यासाठी शाळा पंधरवड्याची सर्दी विकत घेते, हा व्यवहार कुठल्या वहीत बसतो?

तुमची बाजू मला समजते. फी वाढवली की पालक नाराज, दोन ताईंमधली एक नसली की दुसरीवर भार, आयत्या वेळी बदली मिळत नाही. यावर वाट निघते. एका परिसरातल्या तीन-चार शाळांनी मिळून एक राखीव ताई नेमावी, तिचा पगार वाटून घ्यावा आणि तिने आळीपाळीने सगळ्या वर्गांत जावं, म्हणजे मुलांना तिचा चेहरा ओळखीचा राहील. ज्या दिवशी कुणी आजारी नसेल त्या दिवशी तिचा हात साहित्य बनवायला लागेलच. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, म्हणून ती मे महिन्यात, शाळा उघडण्याआधी, ताई आणि मावशी दोघींना संस्थेच्या खर्चाने द्या. तिने सर्दी थांबणार नाही, पण फ्लूचा मोठा आजार पुष्कळ प्रमाणात टळेल. घरी दम्याच्या सासूबाई किंवा तान्हं बाळ असलेल्या ताईंसाठी ही मोठी गोष्ट आहे.

आपल्याला हे जमत नाही असंही नाही. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला आणि ऑगस्टमध्ये पुण्यातल्या शाळा बंद कराव्या लागल्या, तेव्हा आपण हात धुणं, अंतर, आजाऱ्याने घरी राहणं हे सगळं शिकलो. २०२० मध्ये कोविड आला आणि पुन्हा शिकलो. दोन्ही वेळा साथ ओसरली आणि शिकलेलंही तिच्याबरोबर गेलं. भीती असते तोवर नियम असतात. रोजच्या सर्दीची कुणाला भीती वाटत नाही, म्हणून तिचा नियमही होत नाही.

शेवटी एक गोष्ट तुमच्या माहितीपत्रकासाठीही उपयोगी आहे. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेला एक प्रसिद्ध अभ्यास आहे. लहानपणी मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांना दोन वर्षांच्या वयात सर्द्या जास्त झाल्या, पण सहा ते अकरा या वयात त्या घरी राहिलेल्या मुलांपेक्षा कमी झाल्या. म्हणजे आज वाहणारी ही नाकं अगदीच वाया जात नाहीत. मुलं पुढच्या शाळेसाठी काहीतरी कमावून जातात. पालकांना हे जरूर सांगा. मात्र मुलं पुढच्या वर्गात जातात आणि ताई त्याच वर्गात राहतात. मुलांच्या कमाईची किंमत दर जूनला त्या नव्याने मोजतात. म्हणून ही सर्दी ताईंच्या खात्यात टाकणं थांबवा आणि संस्थेच्या खर्चात धरा, जसं भाडं धरता, वीज धरता.

येत्या प्रवेशाच्या अर्जाला एक पानाचा आजारपणाचा नियम जोडा. वर मुलांचा नियम, मध्ये औषधांचा आणि खाली ठळक अक्षरांत ताई-मावशींच्या भरपगारी आजारी रजेचे दिवस. तो आकडा पालकांनाही वाचू द्या. आपलं मूल कुणाच्या हाती सोपवतो आहोत आणि त्या हातांची काळजी कोण घेतं, हे कळण्याचा त्यांनाही हक्क आहे.



आपली,
एक बालवाडीताई
पुणे